पेंडलबरींची उसनी घाण

क्लाइव्ह पेंडलबरी यांनी वरिंगा गावाला आयुष्यात एकच गोष्ट दिली, पण ती अशी की गावाचं तिच्यावाचून एक सकाळसुद्धा निभणार नाही. पाणी. आता पाणी काही पेंडलबरी तयार करत नव्हते. ते आकाशातून यायचं, धरणात साठायचं आणि नळातून पडायचं. पण मधल्या वाटेवर ‘हे पिण्याजोगं आहे’ असं म्हणून सही करणारा माणूस म्हणजे पेंडलबरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुणाकडे गेले की ते पेला उजेडासमोर धरत, एक डोळा मिटत आणि गंभीरपणे “हं” म्हणत. पेल्यात बिअर असली तरी.

अशा माणसाच्या घरी मासे आले ते बायकोमुळे. ग्लेनिसबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले; फक्त ते बाईंना पटलेलं दिसत नव्हतं. एरवी ही बाई दुर्बीण गळ्यात अडकवून गावाबाहेरच्या दलदलीत गुडघाभर चिखलात उभी राहायची आणि दूरवरच्या ठिपक्याकडे बघून, “ही मादी आहे, आणि चिडलेली आहे,” असं सांगायची. आता तीच बाई खुर्चीत बसून राहायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला “उद्या” म्हणायची. दुर्बीण तिनं कपाटात ठेवून दिली, तेव्हा पेंडलबरी घाबरले.

म्हणून त्यांनी फिशटँक आणला. त्यात सोडले ब्लू-आय नावाचे मासे. गावाजवळच्याच किनाऱ्याकडच्या ओढ्यांतले, बोटाच्या दोन पेरांएवढे, अंग काचेसारखं आणि डोळ्याभोवती अशी निळाई की कुणीतरी पेनानं गिरवल्यासारखी. टँक खुर्चीसमोर मांडला. ग्लेनिसबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “छान आहे हं,” आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला. तिसऱ्या दिवशी दुर्बीण मागितली.

“अगं, टाकी हातभर लांब आहे फक्त!”

“म्हणूनच तर. खवले मोजता येतात.”

आठवड्याभरात सगळ्या माशांना नावं मिळाली. पेंडलबरींना सगळे सारखेच दिसत. एकदा त्यांनी एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली, तर बाईंनी असं पाहिलं की जणू त्यांनी पाहुण्यांसमोर सख्ख्या मेहुणीचं नाव चुकवलं. कल्ले फुगवून एका कोपऱ्यात एकटाच प्रवचन दिल्यासारखा उभा राहायचा तो ‘पाद्री’. सगळ्यांच्या पुढं चालायची ती ‘थोरली’. मुख्य म्हणजे टाकीचा मागचा कोपरा बसून दिसत नाही, म्हणून बाई काठी घेऊन उठायला लागल्या. व्यायामवाल्या मुलीला वाटलं, हा आपल्या व्यायामाचा गुण.

इथवर सगळं झकास होतं. पण पेंडलबरींना एक दिवस टाकीच्या काचेवर पुसट हिरवा थर दिसला.

त्यांच्या आयुष्यात हिरव्या थराला जागा नव्हती. त्यांनी बाह्या सरसावल्या. काच घासली, दगड उकळले, झाडांची पानं एकेक करून पुसली. पाणी स्वच्छ ठेवायला टाकीत एक छोटा फिल्टर होता आणि त्याच्या पोटात स्पंज. तो उघडल्यावर त्यांना भोवळच आली. स्पंज चॉकलेटी झाला होता! त्यांनी तो गरम पाण्याच्या धारेखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला. टाकी अशी लख्ख झाली की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. पेंडलबरी पाहतच राहिले. मग दर दोन-तीन दिवसांनी हा सोहळा होऊ लागला.

एका संध्याकाळी ग्लेनिसबाई म्हणाल्या, “क्लाइव्ह, हे सगळे वर का आलेत?”

मासे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. पंख अंगाला मिटून घेतलेले, अंगावरची चमक गेलेली. पाद्री कोपरा सोडून दगडावर अंग घासत होता.

“पाण्यात काहीतरी आहे,” बाई म्हणाल्या.

हे वाक्य पेंडलबरींच्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांना हा सरळसरळ पाणउतारा वाटला. त्यांनी गॅरेजमधून तपासणीची पेटी काढली, टाकीत ओतण्यासाठी भरलेल्या बादलीतलं पाणी तपासलं, नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध बरोबर पडलंय की नाही ते पाहिलं आणि काचेची नळी खिडकीशी धरून म्हणाले, “हे पाणी राणीला प्यायला दिलं तरी चालेल.”

“राणीला कल्ले नाहीत,” ग्लेनिसबाई म्हणाल्या.

मासे आजारी आहेत ही बातमी कुंपणावरून गेली. कुंपणापलीकडे बॅरी मॅकगिल राहायचा. माणूस चांगला, पण त्याला कशाबद्दल काही माहीत नाही असा विषयच नव्हता. तो कोळंबी खात खातच आला.

“मीठ टाक, गड्या. लहानपणी माझा गोल्डफिश मरायला टेकला होता. मूठभर मीठ टाकलं.”

“मग?”

“मग काय, शांत झाला.”

पेंडलबरींनी मीठ टाकलं. चर्चमधल्या जोनबाई घरी भाजलेले स्कोन घेऊन आल्या आणि लसूण ठेचून खायला घाला म्हणाल्या. त्यांच्या बहिणीच्या घोड्याला त्यानंच गुण आला होता. पेंडलबरींनी लसूणही घातली. टाकीला इटालियन हॉटेलसारखा वास येऊ लागला. बोलिंग क्लबातल्या एकानं उकडलेला वाटाणा सोलून द्यायला सांगितलं. वाटाणा माशाच्या डोक्याहून मोठा निघाला आणि मासे त्याला घाबरून दगडामागे लपले. आणि प्रत्येक उपायानंतर, त्या उपायाची घाण राहू नये म्हणून, पेंडलबरी टाकी पुन्हा पहिल्यापासून धुवायचे.

मग पाद्रीच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. कुणी बारीक साखर भुरभुरावी तसे. पेंडलबरींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी प्राण्यांच्या दवाखान्याला फोन लावला.

“पेशंटचं नाव?” फोनवरच्या मुलीनं विचारलं.

“पाद्री.”

“पाद्री पेंडलबरी,” ती टाइप करत म्हणाली. “नसबंदी झालीय?”

“मासा आहे तो.”

“मग ‘माहीत नाही’ लिहिते. वजन?”

“अहो, त्याला वजन असं नाहीच! माझ्या नखावर मावेल!”

“सर, रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं जात नाही.”

“मग शून्य लिहा.”

“शून्य घेत नाही. कमीत कमी अर्धा किलो घेतो.”

अशा रीतीनं पाद्रीची अर्धा किलो वजनानं नोंद झाली. एवढं झाल्यावर कळलं की इथले डॉक्टर मासे बघत नाहीत. माशांचे डॉक्टर मेलबर्नला. पेशंटला घेऊन यावं लागेल आणि तपासल्याशिवाय जंतूंवरचं औषध कुणीही देणार नाही, तसा कायदाच आहे. पेंडलबरींनी फोन ठेवला. कायद्याबद्दल त्यांना आदर होता. पण संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर दवाखान्याचा निरोप आला, ‘पाद्रीला पिसवांचं औषध देण्याची वेळ झाली आहे’, तेव्हा तो आदर बराच कमी झाला.

सकाळी थोरली तळाशी आडवी पडलेली होती.

पेंडलबरींनी तिला चमच्यात घेऊन लिंबाच्या झाडाखाली पुरलं. आत आले तर ग्लेनिसबाईंनी खुर्ची फिरवून घेतली होती. टाकीकडे पाठ आणि तोंड भिंतीकडे. व्यायामवाली मुलगी दारात उभी होती आणि बाई तिला सांगत होत्या, “उद्या ये.”

पेंडलबरी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच स्वच्छ कप पुन्हा धुवायला लागले. धुता धुता ठरवलं, की आज टाकी अशी धुवायची की आजवर कुणी धुतली नसेल. ते ब्रश घेऊन बाहेर आले, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

“नको धुऊस.”

“अगं, पण घाण...”

“तू धुतलीस की दुसऱ्या दिवशी ते वर येतात. दर वेळी. परवा धुतलीस, काल आले. त्याच्या आधी रविवारी धुतलीस, सोमवारी आले. मी इथंच बसलेली असते, क्लाइव्ह. मला दुसरं काय काम आहे?”

“योगायोग असेल.”

“पाण्यात काहीतरी आहे.”

पेंडलबरींच्या संयमाचा बांध फुटला. त्यांनी सरळ आपल्या जुन्या पाणीपुरवठा कचेरीचा तक्रारींचा नंबर फिरवला, बाईंना ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला आणि पाण्याबद्दल शंका आहे असं सांगितलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात वाचू लागली, “आपल्या भागातील पाण्यात कोणताही दोष आढळलेला नाही. तरीही फरक जाणवल्यास नळ काही वेळ मोकळा सोडावा. आपली काळजी आम्हाला मोलाची वाटते.”

हा मजकूर पेंडलबरींनी स्वतः लिहिला होता. ‘मोलाची’ हा शब्द सुचायला तेव्हा अख्खी दुपार गेली होती. आज पहिल्यांदाच तो त्यांच्या कानावर पडत होता, आणि ऐकणाऱ्याला तो इतका कोरडा लागत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“पण माझे मासे मरताहेत!” ते म्हणाले.

“मग सर, तक्रार पाण्याची नोंदवू की माशांची?”

त्यांनी फोन ठेवला आणि तरीही विजयी मुद्रेनं बायकोकडे वळले. “ऐकलंस? पाणी उत्तम आहे.”

“ती नळाबद्दल बोलतेय,” ग्लेनिसबाई भिंतीला म्हणाल्या. “तू बादली तपासतोस. मासे बादलीत राहतात का?”

पेंडलबरी पुन्हा तपासणीच्या पेटीकडे वळले. टाकीतलं पाणी त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं. कशाला तपासायचं? ते बादलीतूनच तर आलं होतं! त्यांनी नळी टाकीत बुडवली. अमोनिया ओळखणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते आधी पोपटी झालं, मग हिरवं आणि मग क्रिकेटच्या मैदानासारखं गडद हिरवं.



आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. पेंडलबरींच्या कचेरीच्या तळमजल्यावर सांडपाण्याचं खातं होतं. पेंडलबरींनी त्या लोकांबरोबर कधी चहा घेतला नाही. ती माणसं आपल्या घाणेरड्या तळ्यांबद्दल मायेनं बोलायची. तिथले जंतू घाण खातात, त्यांना जपावं लागतं, एकदा मेले की महिनाभर डोक्याला हात, वगैरे. जिना चढताना हे कानावर पडलं की पेंडलबरी पावलं भराभर उचलत. आज ते सगळं त्यांना शब्दन् शब्द आठवलं. मासे खातात, त्यांची घाण होते, तिचा अमोनिया होतो, आणि तो खाणारे जंतू राहतात कुठं? त्या चॉकलेटी स्पंजात. आणि त्या स्पंजाला दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्याखाली धरणारा माणूस कोण?

“ग्लेनिस,” ते खुर्चीच्या हातावर टेकले. “मी त्यांना विष पाजत होतो.”

बाईंनी खुर्ची फिरवली. त्यांना टाकून बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण त्या एवढंच म्हणाल्या, “मग आता काय लागेल?”

“घाण. जिवंत घाण. कुणाच्यातरी जुन्या टाकीतली.”

गावात असा टँक एकीकडेच होता. व्हेरा कोव्हाचिच यांच्याकडे. पेंडलबरींना तिथं जायचं नव्हतं. व्हेराबाई म्हणजे जिल्ह्याच्या मत्स्यप्रदर्शनात दरवर्षी करंडक मारणारी आणि तो शेजाऱ्यांना दिसेल असा खिडकीत मांडणारी बाई. पण खरी अडचण वेगळी होती. पूर्वी एकदा गावातली जुनी नळवाहिनी बदलताना गढूळ पाणी आलं होतं आणि व्हेराबाईंच्या तक्रारीला उत्तर पेंडलबरींनीच धाडलं होतं.

दार उघडताच त्या म्हणाल्या, “अरे वा, पेंडलबरीसाहेब! या. पाण्याची शिफारस करायला आलात?”

“घाण मागायला आलोय.”

“काय म्हणालात? मला या कानानं कमी ऐकू येतं.”

“घाण!” पेंडलबरी ओरडले. समोरच्या घरातला पडदा हलला.

व्हेराबाईंचा टँक पाहून त्यांना आधी गुदमरल्यासारखं झालं. दलदलच ती. हिरवी काच, शेवाळाचे जटाभार, तळाशी काळा गाळ. आणि त्यातून मासे असे मिरवत होते की जणू प्रत्येकाच्या नावावर तिथली जमीन आहे. पंख ताठ, रंग तेजदार, कुणी हात जवळ नेला की धावून येणारे. पेंडलबरी नकळत खाली वाकले. इतके निरोगी मासे त्यांनी पाहिलेच नव्हते. त्यांनी सगळी हकिगत सांगितली, काही न लपवता.

व्हेराबाईंनी ऐकून घेतलं. “स्पंज देते. पण आधी एक सांगा. माझ्या आईनं मायदेशाहून, स्प्लिटहून आणलेले लेसचे पडदे मी त्या पाण्यात धुतले. तुम्ही कळवलंत, पाण्याला ‘किंचित नैसर्गिक छटा’ आहे. कोणती होती हो ती छटा?”

“तसं पाहिलं तर किंचित...”

“साहेब, मासे धापा टाकताहेत ना?”

“तपकिरी,” पेंडलबरी म्हणाले.

“किती तपकिरी?”

“चहासारखी.”

“दुधाच्या?”

“कोऱ्या.”

“फिका की कडक?”

पेंडलबरींनी डोळे मिटले. “कडक.”

व्हेराबाई इतक्या हसल्या की त्यांना टेकून बसावं लागलं. मग उठून त्यांनी स्वतःच्या फिल्टरमधला एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज काढला आणि टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत घातला. “सुकू देऊ नका. नळाखाली धरलात तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. रोज थोडंच पाणी बदला, क्लोरीन घालवून. खाणं निम्म्यावर आणा. आणि ठिपक्यांना लसूण नको! टाकी हळूहळू उबदार करा, मीठ बेतानं, विरघळवून. या माशांना मीठ सोसतं. मूठभर कुणी टाकायला सांगितलं?”

“बॅरीनं.”

“त्याचा गोल्डफिश मेला होता,” व्हेराबाई म्हणाल्या. “अख्ख्या गावाला माहीत आहे.”

पेंडलबरी ती पिशवी दोन्ही हातांत छातीशी धरून रस्त्यानं निघाले. एरवी ते रुमालालाही रुमालात गुंडाळणारे गृहस्थ. वाटेत बॅरी भेटला. “काय रे, काय आणलंस?”

“जिवंत आहे. हलवू नकोस,” पेंडलबरी म्हणाले आणि चालू लागले.

पुढचे दिवस त्यांना फार जड गेले. काचेवर हिरवं चढत होतं आणि त्यांना ते पुसायचं नव्हतं. बाईंनी ब्रश काढून घेतला आणि खुर्चीच्या उशीखाली घालून त्यावर बसल्या. एक मासा दगावला, मग आणखी एक. पेंडलबरी रोज टाकीतलंच पाणी तपासत आणि नळी बाईंपुढे धरत. गडद हिरवं. हिरवं. पुन्हा हिरवं. दरम्यान बाई सांगत राहिल्या, “हा डावा पंख उघडायला लागलाय. ती अजून घासतेय, ऊब जरा वाढव. पाद्रीनं दाणा तोंडात घेतला... थुंकला.” पेंडलबरी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. सुरुवातीला त्यांना काहीच दिसायचं नाही. मग एकदा ते हळूच म्हणाले, “ती शेपटीशी खाच असलेली... ती आज वर आली नाही ना?”

ग्लेनिसबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “नाही आली. शाबास.”

आयुष्यात पेंडलबरींना पुष्कळ प्रशस्तिपत्रकं मिळाली होती, पण कान लाल होण्याची ही पहिलीच वेळ. ही बाई नुसती बसून राहते, असं आपण समजत होतो. आपण मात्र दिवसभर हात चालवले आणि जे डोळ्यांपुढं घडत होतं तेच आपल्याला दिसलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको दलदलीत तासन्‌तास उभी राहून नेमकं काय करते, ते त्यांना या स्टुलावर कळलं.

मग एका सकाळी नळीतलं पाणी पिवळं झालं, आणि पिवळंच राहिलं. पाद्रीच्या अंगावरची साखर झडली. त्यानं दाणा तोंडात घेतला, गिळला, आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन कल्ले फुगवून असा उभा राहिला की जणू प्रवचन मधेच कुणी तोडलंच नव्हतं.

बाईंची काठी आता नावापुरती राहिली. गावात बातमी अर्थातच उलटी पसरली, की पेंडलबरींना माशांचं फार कळतं. एक दिवस दातांच्या डॉक्टर लियांग यांचा फोन आला. त्यांच्या दवाखान्यात पेशंटचं मन रमावं म्हणून टँक ठेवला होता आणि त्यातले मासे तोंड वर करून लटकले होते. ते पाहून पेशंट बाहेरूनच परत चालले होते.

पेंडलबरी निघाले. हातात मुरंब्याच्या बरणीत आपल्या टाकीतला छानपैकी काळा झालेला स्पंज. शेजारी ग्लेनिसबाई, गळ्यात दुर्बीण. दवाखान्यात पोचताच बाईंनी गाल सुजलेल्या एका गृहस्थाला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं, त्याची खुर्ची टाकीपुढं ओढली आणि काठी मांडीवर आडवी ठेवून बघत बसल्या. पाच मिनिटं गेली. डॉक्टर लियांग अस्वस्थ झाल्या.

“पेंडलबरी, मी सांगते ना, मी इतकी स्वच्छता ठेवते, रोज सगळं घासून...”

पेंडलबरींनी बरणी छातीशी धरली, ओठांवर बोट ठेवलं, आणि बायकोकडे एकदा अभिमानानं पाहून दबक्या आवाजात म्हणाले,

“डॉक्टर, तोंड मिटा. तपासणी चालू आहे.”